गाडीखालचं हिरवं पाणी

बुधवारी सकाळी केंद्राच्या कारकूनबाईंनी काचेच्या खिडकीतून हात करून बोलावलं, तेव्हाच घड्याळवाल्यांनी ओळखलं की आज आपली खरडपट्टी निघणार.

"हे बघा," बाहेर बोट दाखवत त्या म्हणाल्या. व्हॅनच्या पुढच्या चाकांमध्ये हिरवट पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि त्याचा एक ओघळ दाराच्या उताराकडे निघाला होता. "इथे गुडघे बरे करायला माणसं येतात. तुमच्या पाण्यावरून घसरून कुणाचं कंबरडं मोडलं तर?"

"पुसून घेतो."

"गेल्या आठवड्यातही पुसून घेतलंत. आता नाही चालायचं. गाडीत दोष नाही अशी गॅरेजची चिठ्ठी सोमवारी आणा. नाहीतर व्हॅन आत आणू नका. तुमच्या पाच जणांसाठी आमची बस येईल."

"बस गल्लीत शिरत नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं तर..."

"मग चिठ्ठी आणा," त्या म्हणाल्या. वाईट बाई नव्हती. पण बाराशे माणसांची ये-जा सांभाळणाऱ्याला गोड बोलायला वेळ नसतो.

घड्याळवाल्यांनी फडकं आणलं आणि ओणवं होऊन जमीन पुसली.

फेरी खरं तर त्यांच्या बायकोची. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, केंद्रात कोमट पाण्याच्या तलावात व्यायाम करून घेतात, पण तिथवर जायचं कसं, यावर सगळे नुसते कण्हत होते. तिने जुनी व्हॅन घेतली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना न्यायला लागली. नऊ वर्षं नेलं. घड्याळवाल्यांकडे तीस वर्षांपासून लायसन्स होतं, पण ती गाडीत असताना स्टिअरिंगवर बसायची त्यांची काय टाप! शिवाय सकाळी त्यांना दुकान उघडायचं असे. ती गेली त्याला आता दहा महिने झाले होते. पहिले आठ महिने व्हॅन खिडकीखाली कापड पांघरून उभी होती आणि घड्याळवाले वर खिडकीशी बसून होते. दुकान उघडायचे, कधी नाही उघडायचे. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, जेवलात का, आणि ते हो म्हणायचे.

मग एके दिवशी बाई जिना चढून आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सगळ्यांच्याच त्या बाई. दोन मजले चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. दारात उभ्या राहून धापा टाकत त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी साडेआठला मी खाली उभी राहीन. तुम्ही नाही आलात तर उभीच राहीन."

तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, फेरी चालू होती. घड्याळवाले पुन्हा दाढी करायला लागले होते. भूकही लागत होती. आठवड्यातले तीन दिवस उठायला कारण होतं आणि उरलेले चार दिवस त्या तीन दिवसांच्या आधाराने निघून जात. ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण फेरी गेली तर आपण पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमकी गाडीच दगा देत होती.

*

गुरुवारी ते मेहुण्याच्या गॅरेजमध्ये गेले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन गाड्या मावतील एवढंच त्याचं गॅरेज. भिंतीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार रंगवलेला, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. हात काळे, शर्टही काळा, पण गॅरेजची फरशी अशी की जेवायला बसावं.

"या दाजी," तो गाडीखालूनच म्हणाला. "पुन्हा ओकली का?"

"पुन्हा."

"तिसरा कॅन संपवला ना दोन महिन्यांत? गाडी कूलंट पिते की तुम्ही?"

"मी चहा पितो. आहे का?"

मेहुणा बाहेर आला. चहा झाला. मग त्याने बॉनेट उघडलं आणि घड्याळवाले बाजूला स्टुलावर बसून पाहत राहिले. त्यांना हे आवडायचं. त्यांच्या टेबलावरची यंत्रं चिमट्याने धरायची आणि याची दोन्ही हातांनी ओढायची, पण बघायची रीत एकच. आधी बाहेरचं, मग आतलं. सोपं आधी, अवघड मागून.

"रेडिएटरचं झाकण मी मागच्या आठवड्यात बदललं," मेहुणा बोटांवर मोजत म्हणाला. "जुन्याचं रबर काय वाईट नव्हतं. उगाच चोर सोडून संन्याशाला फाशी. आज पंख्यापासून धरतो."

पंखा वेळेवर लागत होता. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वाट उघडून देणारी छोटी झडप, त्याने काढून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकली. ती व्यवस्थित उघडली. नळ्या दाबून पाहिल्या. हातपंप लावून आत हवा भरली आणि काट्याकडे बघत दोघं दहा मिनिटं बसले. काटा तसूभर हलला नाही. म्हणजे गळती कुठेच नव्हती.

"मग राहिलं काय?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

मेहुण्याने मान खाजवली. "राहिलं ते मला म्हणायचं नाहीये. हेड गॅस्केट. इंजिनाच्या दोन भागांमधली पट्टी. ती फुटली की आतली जळकी हवा पाण्यात घुसते आणि पाणी बाहेर ढकलते. पण मग धूर पांढरा यायला हवा, तेलात दुधासारखं काहीतरी दिसायला हवं. तसं काही नाही." त्याने तेलाची काडी काढून दाखवली. तेल साफ होतं. "आठ महिने उभी होती ना. उभ्या गाडीला शंभर रोग."

त्याने जुनं पाणी काढून टाकलं, नवं हिरवं कूलंट भरलं, हवा काढली आणि गाडी तासभर चालू ठेवली. एक थेंब सांडला नाही. संध्याकाळी तो स्वतः ती घेऊन गावाबाहेरच्या चढावर दोनदा जाऊन आला. तरीही थेंब नाही.

"बघा," परत आल्यावर तो वैतागून म्हणाला. "माझ्याकडे आली की साध्वी होते! तुमच्याकडे काय होतं हिला?"

"मग दे चिठ्ठी."

"दाजी, चिठ्ठीवर माझी सही असते. दोष सापडल्याशिवाय दोष नाही असं कसं लिहू? उद्याच्या फेरीला मीच येतो तुमच्याबरोबर. उद्याही ओकली तर शनिवारी इंजिन उघडायचं. आणि ते उघडलं की तीन आठवडे तरी..." तो थांबला. "खरं सांगू? एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडत नसतात. नाकापेक्षा मोती जड होतो."

घड्याळवाल्यांनी मनात हिशेब केला. तीन आठवड्यांत बस येऊन रुळली असती.

*

शुक्रवारी मेहुणा दुसऱ्या थांब्यावर गाडीत चढला. पुढची जागा बाईंची, ती त्या राजालाही सोडणार नाहीत. मध्ये दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी, एक चौऱ्याऐंशीची आणि एक ऐंशीची. खिडकी कुणाची यावर त्यांचं भांडण नऊ वर्षं जुनं होतं. मागे निवृत्त पोस्टमन आणि चष्मेवाले काका. मेहुणा त्यांच्यामध्ये चेपून बसला.

"अरे, तू इथे कसा?" बाईंनी मागे न वळता विचारलं. "पाढे पाठ झाले का?"

"बाई, मला आता नातू आहे."

"त्याला झाले का?"

"काच खाली कर," थोरली म्हणाली.

"वारा लागतो," धाकटी म्हणाली.

"लग्नाच्या आधीपासून हिला वारा लागतो. तुझं लग्न कसं झालं तेच मला कळलं नाही."

"तुला नाही कळायचं. तू तेव्हाही खिडकीतच बसलेली होतीस."

मागे पोस्टमन मेहुण्याच्या कानाशी लागला होता. "गाडीचं काय ठरलं रे? बस आली तर मी येणार नाही, सांगून ठेवतो. सदतीस वर्षं चाललोय, आता एक पाऊलभर जास्त चालणार नाही." मेहुणा म्हणाला, "बघू या काका," आणि पुढच्या काट्याकडे मान उंच करून बघू लागला. काटा बरोबर मध्यावर होता. चढावरही मध्यावरच होता. इंजिन तापत नव्हतं, आवाज ठीक होता, धूर नव्हता.

केंद्राच्या आवारात गाडी थांबली. सगळे एकेक करून उतरले. आणि मग सगळ्यांनी ऐकलं. टप. टप. मग धार.

"गेली!" पोस्टमन म्हणाला, आणि बॉनेट उघडताच त्याने हात पुढे केला.

"झाकणाला हात नाही!" मेहुणा ओरडला. "उकळतं पाणी आहे आत. तोंडावर आलं तर चामडी सोलून निघेल."

पोस्टमनने हात खिशात घातला. सगळे बॉनेटभोवती गोळा झाले. गुडघे दुखणारी पाच माणसं अशी वाकून उभी की जणू आतून कुणी नाव घेऊन हाक मारणार आहे. हिरवं पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतून येत होतं. रेडिएटरमधलं पाणी तापून फुगलं की जादाचं या बाटलीत येतं आणि थंड झालं की परत आत जातं. बाटली काठोकाठ भरली होती आणि वरच्या छोट्या नळीतून सांडत होती.

मेहुणा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, काल मी एवढं भरलं नव्हतं."

"नाही. सकाळी बघितलं तर कमी होतं. मग मी भरलं."

"कुठपर्यंत?"

"खुणेपर्यंत." घड्याळवाल्यांनी बोट दाखवलं. बाटली जुनी, पिवळी पडलेली, तिच्यावरच्या कंपनीच्या रेघा कधीच्या पुसून गेलेल्या. पण गळ्याच्या जरा खाली लाल नेलपॉलिशची एक बारीक आडवी रेघ होती. "तिचीच खूण आहे. मी रोज तिथपर्यंत भरतो. शेवटचं सिरिंजने घालतो, म्हणजे वरखाली व्हायला नको."

"रोज?"

"रोज. साडेसहाला."

"सकाळी साडेसहाला. थंड गाडीत."

"मग काय गरम गाडीत? तूच तर म्हणतोस गरम असताना हात लावू नका."

मेहुण्याने बॉनेटच्या कडेवर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. थोरलीला वाटलं रडतोय. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण तो हसत होता. हसता हसता खाली पायरीवर बसला आणि काळ्या हाताने डोळे पुसल्यामुळे तोंडही काळं करून घेतलं.

"काय झालं ते आम्हालाही सांग," बाई म्हणाल्या. "वर्गात एकट्याने हसायचं नाही."

"बाई, ही खूण ताईला मीच करायला सांगितली होती. सकाळी तिला वेळ नसायचा. मी म्हटलं, परत आलीस की बॉनेट उघड, झाकणाला हात लावू नकोस, नुसतं बाहेरून बघ. गाडी तापलेली असताना पाणी या रेघेवर असलं की ठीक. ही तापलेल्या पाण्याची खूण आहे. थंड असताना पाणी चार बोटं खाली असायला हवं. दाजी थंडीतच इथपर्यंत भरतात! मग तापलं की जाणार कुठे? सांडणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी दिसतं, पुन्हा हे भरतात, पुन्हा सांडतं." त्याने कपाळावर हात मारला. "दोन महिने मी पंखा बघतोय, झाकणं बदलतोय, काल तर इंजिन उघडायला निघालो होतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

"बरोबर आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "परत आल्यावर बघायची ती. मला शेवटी तिच्याच घरासमोर उतरवायची आणि तिथेच उघडायची. फडकं मीच धरायची तिच्यासाठी." मग त्या घड्याळवाल्यांकडे वळल्या. "खूण बरोबर आणि वेळ चुकीची. दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. घड्याळवाल्याकडून!"

सगळे हसले. चष्मेवाले काका, जे आठवड्यातून एकदा बोलत, तेही म्हणाले, "सिरिंजने!" आणि पुन्हा हसू फुटलं.

घड्याळवालेही हसले, पण थोडे उशिरा. त्यांच्या डोक्यात एकच चालू होतं. ती परत यायची तेव्हा ते दुकानात असायचे. नऊ वर्षं आपल्या घरासमोर, दर फेरीच्या दुपारी, ती बॉनेट उघडून वाकून बघायची, आणि त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. तिची सगळी कामं आपल्याला ठाऊक आहेत असं त्यांना वाटायचं. तिच्या खुणेला आपण एक केसभरही धक्का लावला नाही, याचा त्यांना थोडा अभिमानच होता. आणि रोज सकाळी त्याच खुणेने ते गाडी बिघडवत होते.

"वाईट वाटून घेऊ नका दाजी," मेहुणा हलक्या आवाजात म्हणाला. त्याने घड्याळवाल्यांच्याच सिरिंजने बाटलीतलं जादा पाणी कॅनमध्ये ओढून घेतलं. "इंजिन उघडायचं वाचलं ना? मी खाली चार बोटांवर एक दुसरी रेघ मारून देतो. थंड असताना तेवढं ठेवायचं."

"नको."

"काय नको?"

"दुसरी रेघ नको. ती बघायची तेव्हा बघेन मी. दुपारी."

"दुकान?"

"दुकान अर्धा तास थांबेल. घड्याळं कुठे पळून जातात?"

मेहुण्याने मान डोलावली. त्याचीही ती बहीणच होती.

*

शनिवारी सकाळी घड्याळवाले सवयीने साडेसहाला कॅन घेऊन खाली आले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. उघडायची इच्छा एवढी झाली की बोटं कडेखाली गेलीसुद्धा. चांगल्या चालणाऱ्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून बघावंसं वाटतं, तसं. त्यांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, चालतंय त्याला हात लावायचा नाही, निम्मी घड्याळं आपण दुरुस्त करताना बिघडवतो. त्यांनी कॅन तसाच उचलला आणि जिना चढून वर आले.

सकाळ मोकळी पडली. साडेसहा ते आठ. त्यांनी स्वतःसाठी नीट बसून नाश्ता केला, कितीतरी दिवसांनी. ताटली धुतली. मग मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं?" ती घाबरलीच. एवढ्या सकाळी ते कधी फोन करत नसत.

"काही नाही. जेवलो का विचारशील म्हणून आधीच सांगतो. नाश्ता झाला."

तिला एवढं हसू आलं की तिकडे तिचा नवरा जागा झाला. मग त्यांनी तिला सिरिंजची सगळी गोष्ट सांगितली. तिला आई गेल्यापासून बाबांनी स्वतःहून एवढं सलग काही सांगितल्याचं आठवत नव्हतं.

दुपारी मेहुणा आला आणि दोघं व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या चढावर गेले, चढले, उतरले, परत आले. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून दोघं पायरीवर बसले. अर्ध्या तासाने कागद उचलला. कोरडा.

"आता लिही," घड्याळवाले म्हणाले.

मेहुण्याने बॉनेटवर वही ठेवून चिठ्ठी लिहिली. हिशेबाच्या पलीकडे त्याला लिहायची सवय नव्हती, त्यामुळे जीभ बाहेर काढून लिहीत होता. घड्याळवाले वाचायला लागले आणि त्यांची भुवई वर गेली.

"'गाडीत दोष नव्हता. दोष भरणाऱ्यात होता. तो दुरुस्त केला आहे.' असं लिहितात का?"

"सही माझी आहे दाजी. खरं तेच लिहिणार."

"अरे, निदान नातं तरी बघ."

"नातं बघितलं म्हणून दोन महिने चहा पाजला. चिठ्ठीत नातं चालत नाही."

*

सोमवारी सकाळी घड्याळवाल्यांनी ती चिठ्ठी काचेखालून आत सरकवली. कारकूनबाईंनी चष्मा लावून वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाचायला दिली. ती तोंडावर रुमाल धरून पाठमोरी झाली.

"हे भरणारे कोण?"

"मीच," घड्याळवाले म्हणाले.

"दुरुस्त झालात?"

"झालो असावा. तुम्ही बघा."

कारकूनबाई म्हणाल्या, "बघणारच." आणि खरंच बघितलं. व्यायामाचा तास सुरू झाला तसं त्या स्वतः बाहेर आल्या आणि साडीचा पदर सावरून व्हॅनसमोर वाकल्या. घड्याळवाले शेजारी उभे राहिले. दुकानातून आणलेलं एक मनगटी घड्याळ त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. आत तलावात पाणी उडत होतं आणि थोरली कुणावर तरी ओरडत होती. पंधरा मिनिटांनी कारकूनबाई पुन्हा येऊन वाकल्या. गाडीखालची जमीन सुकी होती.

त्यांनी फायलीत लावायला हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मग तिथेच घुटमळल्या. "तुमच्या गाडीत सहा बसतात ना?"

"बसतात."

"तुमच्या पलीकडच्याच गल्लीत एक आजी आहेत. बसपर्यंत चालवत नाही म्हणून तीन महिने आल्या नाहीत. मुलगा मला रोज फोन करतो." त्या जरा थांबल्या. "तुमच्या बायकोकडे मी दोनदा विचारलं होतं. तेव्हा जागा नव्हती म्हणाली."

जागा तेव्हाही होती. पण मागच्या सीटवर मधोमध बसायला कुणी तयार होत नाही आणि भांडणं मिटवत गाडी चालवायची म्हणजे काय, हे बायकोला पुरतं ठाऊक होतं. घड्याळवाल्यांना आता तेही कळत होतं. त्यांनी मेहुण्याची शुक्रवारची चेपलेली मूर्ती आठवली.

"बुधवारपासून येऊ देत," ते म्हणाले. "फक्त त्यांना आधी सांगा, खिडकी मिळणार नाही. दोन्ही खिडक्यांवर नऊ वर्षं दावा चालू आहे."

तास संपला. पाचही जण ओल्या केसांनी, पाय ओढत, पण तोंडाचा पट्टा चालू ठेवून बाहेर आले. पोस्टमनने आधी वाकून गाडीखाली बघितलं, मग कारकूनबाईंकडे बघितलं आणि सलाम ठोकला. बाई पुढच्या जागेवर बसल्या, दार ओढून घेतलं.

"काय म्हणाली?"

"चिठ्ठी घेतली. आणि एक जण वाढवला. सहावा."

"कोण?"

"पलीकडच्या गल्लीतल्या आजी."

"ती?" मागून थोरली ओरडली. "ती तर लहानपणापासून खिडकीसाठी मरते!"

"बरं होईल," धाकटी म्हणाली. "आता तुला कळेल."

घड्याळवाल्यांनी गाडी चालू केली. मागे तिघं एकाच वेळी बोलत होते आणि बुधवारी कुणी कुठे बसायचं ते ठरवत होते. त्यांनी ऐकलं नाही. घरी पोचायला पंचवीस मिनिटं होती आणि तोपर्यंत ठरणार नव्हतंच.